काळोखी वाचताना

गव्हाला युरिया पडला, वरून पाटाच्या पाण्याची पाळी मिळाली, की आठ-दहा दिवसांत रानाचा चेहरा पालटतो. पोपटी पात्यांत गर्द हिरवा भरत जातो आणि बांधावरून पाहिलं तर त्या हिरव्याला काळी झाक मारते. शेतकरी त्याला काळोखी म्हणतात. "कशी काळोखी आलीय बघ" हे वाक्य वडीगोद्रीच्या शिवारात पौषात कुणाच्याही तोंडून ऐकावं. माझे चुलते, आप्पा, हे वाक्य म्हणताना आवाज थोडा खाली आणतात, दृष्ट लागू नये म्हणून.

मी आयुष्यभर पुस्तकांची रसग्रहणं लिहिली. कवीनं हाच शब्द का घेतला, इथंच का थांबला, हे शोधण्यात माझा जन्म गेला. गेल्या रब्बीत पहिल्यांदा जाणवलं की काळोखी हाही वाचायचा मजकूर आहे, आणि तो वाचण्यासाठी माणसानं जी दोन-तीन साधनं घडवली आहेत त्यांच्या रचनेत एखाद्या चांगल्या कवितेइतकी काटकसर आणि अचूकता आहे. त्या साधनांवर हा लेख आहे.

वडीगोद्री अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर. दक्षिणेला शहागड आणि गोदावरी. जवळून जायकवाडीचा डावा कालवा जातो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झालेलं हे धरण १९७६ मध्ये पुरं झालं, आणि २०८ किलोमीटरच्या या कालव्यानं खालची रानं ओलिताखाली आणली. आता इथं उसाचं राज्य आहे, कपाशी आहे, मोसंबी आहे. धान्य मधल्या फटींत पिकतं: खोडवा मोडलेल्या रानात गहू, पावसाळ्यात बाजरी-मका, कोरडवाहू तुकड्यात रब्बी ज्वारी. घरच्या भाकरी-पोळीपुरतं हे पीक म्हणून त्याकडे लक्ष कमी आणि युरिया जास्त, हे आमच्या घरचंही खरं.

आधी सगळ्यात साधं साधन. पर्णरंग तक्ता ही हातभर लांबीचीही नसलेली प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर हिरव्याच्या सहा छटा ओळीनं, फिकट पिवळट हिरव्यापासून गर्द हिरव्यापर्यंत. काही तक्त्यांत चारच. कल्पना जपानची, भाताच्या खाचरातली. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ती घासून-पुसून आशियाभर नेली, आणि आपल्याकडे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं भाताबरोबर गहू आणि मक्यासाठीही तिचे नियम बसवले. भाताच्या त्या तक्त्यावर बोट फिरवून पाहा. छटेचे चौकोन गुळगुळीत नाहीत, त्यांवर पानाच्या शिरांसारख्या बारीक उभ्या रेघा उठवलेल्या आहेत. नुसता सपाट रंग पानाशेजारी धरला तर डोळा फसतो, कारण पानाचा पृष्ठभाग उजेड वेगळ्या तऱ्हेनं उधळतो. म्हणून रंगाला पानाची कातडी चढवली. ज्यानं हे सुचवलं तो माणूस पानाकडे किती वेळ बघत बसला असेल!

मग वापरण्याचे नियम. शेंड्याकडचं, पूर्ण उघडलेलं सगळ्यात कोवळं पान घ्यायचं. ते तोडायचं नाही. पानाचा मधला भाग तक्त्यावर टेकवायचा. सूर्याकडे पाठ करून, आपल्याच अंगाची सावली पानावर पाडून बघायचं, शक्यतो सकाळी. आणि प्रत्येक वेळी त्याच माणसानं बघायचं. शेतात फिरून दहा निरोगी पानं पाहायची. त्यांतली सहा किंवा जास्त ठरलेल्या छटेपेक्षा फिकट निघाली तर नत्र द्यायचं, नाहीतर आठवडा-दहा दिवस थांबून पुन्हा बघायचं. ठरलेली छटा पीक पाहून बदलते, गव्हाला साधारण चार, संकरित मक्याला पाच. मला या नियमांतला "त्याच माणसानं" हा फार मोलाचा वाटतो. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात हे मान्य करून पुढं जाणारं हे शास्त्र आहे. आमच्या घरी तक्ता आला तेव्हा ते काम आपोआप काकूंकडे गेलं. साड्यांच्या दुकानात दोन हिरव्यांतला फरक त्यांनाच दिसतो, हे आप्पांनीही कबूल केलं.

पण रंग आणि नत्र यांचं नातं काय? पानाला हिरवेपण देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूत मध्ये मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला चारी बाजूंनी नत्राचे चार अणू धरून असतात. नत्र कमी पडलं की नवं हरितद्रव्य बनत नाही. तेवढ्यावरच झाड थांबत नाही. नत्र हे झाडात हलणारं द्रव्य आहे. टंचाई आली की झाड खालच्या, जुन्या पानांतलं नत्र मोडून वरच्या कोवळ्या पानांना पोचवतं. मक्यात हे सुंदर दिसतं, सुंदर म्हणणं क्रूर असलं तरी. बुडाच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून आत सरकत गेलेली पिवळी पाचर दिसते आणि कडा मात्र अजून हिरव्या असतात. तीच पिवळाई वरच्या कोवळ्या पानांत आली आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर दोष बहुधा लोहाचा. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात तो काही दुर्मीळ नाही. पिवळं कुठं पडलं, यात अर्धं निदान असतं. वाचकाला जसं ओळीतल्या शब्दाचं स्थान बघावं लागतं तसंच हे.

आता यंत्र. माझ्या एका मित्रानं आठवडाभरासाठी दिलेलं, टॉर्चच्या मुठीसारखं धरायचं, घोडा दाबायचा आणि पिकावरून चालत जायचं. नाव ग्रीनसीकर. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात बिल राऊन, मार्विन स्टोन आणि जॉन सोली यांनी गव्हाच्या शेतात वर्षानुवर्षं घालवून ही कल्पना घडवली. पिकाच्या शेंड्यापासून साठ ते एकशेवीस सेंटिमीटरवर ते धरायचं. ते खाली स्वतःचा उजेड टाकतं, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, आणि परत आलेला उजेड मोजून पडद्यावर शून्य ते एकच्या मधला आकडा दाखवतं. उघडी काळी जमीन असेल तर आकडा अगदी तळाला असतो, दाटून आलेल्या गव्हावर तो ०.८ च्या आसपास जातो.

या आकड्यामागचं सूत्र एका ओळीचं आहे: परत आलेल्या अवरक्तातून परत आलेला लाल वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेनं भागायचं. १९७३ मध्ये टेक्सासच्या जॉन राऊस आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच अवकाशात गेलेल्या लँडसॅटच्या चित्रांवरून माळरानांची हिरवळ मोजताना ते वापरलं आणि तेव्हापासून ते रुजलं. मी गणिताचा माणूस नाही, पण या ओळीसमोर मी बराच वेळ थांबलो.

वजाबाकी पाहा. निरोगी पान लाल उजेड गिळतं, कारण अन्न शिजवायला हरितद्रव्याला तो हवा असतो. अवरक्त मात्र त्याच्या कामाचा नाही; पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो उधळून बाहेर टाकतात. म्हणजे पीक जितकं भरलेलं तितका लाल कमी परततो आणि अवरक्त जास्त. माझा डोळा हिरवा बघतो, म्हणजे पानानं नाकारलेला रंग बघतो. काळोखी हा शब्दही त्या नाकारलेल्या उजेडाचाच आहे. हे यंत्र पानानं खाल्लेला रंग मोजतं. एकाच पानाची ही दोन वाचनं, आणि दुसऱ्यापर्यंत माझ्या डोळ्याला कधीच पोचता आलं नसतं.

मग भागाकार. तो नसता तर यंत्र थोडं वर धरलं की आकडा बदलला असता. बेरजेनं भागल्यावर उजेड किती होता हा प्रश्न मागं पडतो आणि राहतं ते फक्त प्रमाण. चांगल्या अनुवादकाला जसं आवाजाची उंची सोडून सूर तेवढा उचलता येतो, तसं.

तरीही हा आकडा एकटा मुका आहे. ०.७२ म्हणजे काय? पातळ पेरलेला पण पोटभर जेवलेला गहू ०.७२ दाखवेल आणि दाट पेरलेला उपाशी गहूही तोच दाखवेल. कोणत्याही शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दावरून कळतो, तसा या आकड्याला शेजार लागतो. तो शेजार तयार करण्याची राऊन यांच्या मंडळींची युक्ती हा माझ्या मते या सगळ्या विद्येतला सर्वोत्तम भाग आहे. पेरणीच्या सुमाराला शेतातल्या एकाच पट्ट्याला नत्राची कसलीही कमतरता पडणार नाही इतकं खत द्यायचं. बाकी शेताला नेहमीपेक्षा कमी. हंगाम मध्यावर आला की दोन्हीकडे यंत्र धरायचं. पट्ट्याचा आकडा भागिले शेताचा आकडा. उत्तर एकच्या जवळ आलं तर शेताला आज वेगळं काही नको. जमिनीनं, मागच्या पिकाच्या बेवडानं, कालव्याच्या पाण्यानं त्याची भूक भागवली आहे. उत्तर एकाहून बरंच वर गेलं तर दिलेल्या नत्राला पीक प्रतिसाद देईल.

आम्ही एका साऱ्यावर तो पट्टा केला, चारी टोकांना खुंट्या ठोकल्या. गहू कांडी धरू लागला तेव्हा, दुसऱ्या पाण्याच्या आधी, मी यंत्र धरून चाललो. पट्ट्यावर ०.८०, शेजारच्या साऱ्यांवर ०.७२. भागाकार १.११. आप्पांनी विचारलं, "म्हंजी किती गोणी?"

ओक्लाहोमाच्या पद्धतीत आकड्याला पेरणीपासून झालेल्या वाढीच्या दिवसांनी भागतात, त्यात फक्त पीक वाढेल इतके ऊबदार दिवस धरतात, आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज काढतात. त्याचं ढोबळ रूप मी आप्पांना मातीवर काडीनं मांडून दाखवलं. समजा आहे असं सोडलं तर एकरी १४ क्विंटल होईल. १.११ नं गुणलं की साडेपंधरा. वरच्या दीड क्विंटल दाण्यात नत्र किती जाणार? गव्हाच्या दाण्यात ते दोन टक्क्यांच्या थोडं वर असतं, म्हणजे तीन किलोच्या आसपास. दिलेल्यातलं निम्मं पिकाला लागेल असं धरलं तर सहा-साडेसहा किलो नत्र द्यायचं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे एकरी साधारण चौदा किलो युरिया. आप्पा दुसऱ्या पाण्याला सवयीनं पूर्ण गोणी टाकतात, पंचेचाळीस किलो. त्यांनी काडी हातातून घेतली आणि दीड क्विंटलापासून पुन्हा सगळं मांडून पाहिलं. "निम्मं वाया जातं हे कामून धरलं?" हा त्यांचा एकमेव आक्षेप होता, आणि तो अगदी बरोबर जागी होता.

कारण खरी परिस्थिती त्याहून वाईट आहे. राऊन आणि जॉन्सन यांनी १९९९ मध्ये जगभरच्या धान्यपिकांचा हिशोब मांडला तेव्हा दिलेल्या नत्रातलं फक्त ३३ टक्के दाण्यात पोचतं असं निघालं. एका गोणीत नत्र २०.७ किलो, त्या हिशोबानं दाण्यात सातही किलो जात नाही. उरलेलं थोडं काडात आणि जमिनीत राहतं, पण बरंच हातचं जातं. आमच्या विम्लधर्मी काळ्या रानात पृष्ठभागावर पडलेला युरिया ओलीत विरघळला की त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. पाणी तुंबलं की जमिनीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करतात, आणि त्यातला नायट्रस ऑक्साइड हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक पट तापवणारा. उरलंसुरलं विहिरीत झिरपतं. २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचं लेपन आलं, २०१८ मध्ये गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोची झाली. दोन्हीमागं वापर आवरण्याचा हेतू होता. पण गोणी अजूनही अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते आणि काळोखी लगेच दिसते. दिसणाऱ्या फळाला स्वस्त किंमत असली की हात थांबत नाही. २००२ मध्ये राऊन यांच्या गटानं छापलेल्या प्रयोगांत यंत्राच्या सल्ल्यानं खत दिल्यावर नत्र पिकाला लागण्याची कार्यक्षमता पंधरा टक्क्यांहून अधिक सुधारली होती.

पण पट्ट्याचं मोठेपण मला या बचतीत दिसलं नाही. ते दुसऱ्याच दिवशी, खालच्या वावरात दिसलं. तिथं कालव्याकडची चारी पाझरते. गव्हाचा तो तुकडा आदल्या आठवड्यापासून पिवळा पडत होता. दोन वर्षांपूर्वी असाच पिवळा पडला तेव्हा आम्ही त्याच्यावर दोन वेळा युरिया टाकला होता. काही फरक पडला नाही, उलट मागाहून सुधारलेल्या कडेला गहू लोळला. या वेळी तिथंही एक पट्टा होता. मी यंत्र धरलं. शेतात ०.५८. पट्ट्यावर ०.५९. आप्पा वाकून पडद्याकडे बघत राहिले. पोटभर खत मिळालेला पट्टाही तितकाच पिवळा! मग भूक हे कारण नव्हतंच. मुळांना हवा नव्हती. वाफसा येईपर्यंत त्या रानाला कितीही वाढलं असतं तरी ते जेवणार नव्हतं. आप्पांनी खोरं आणवलं, चारीच्या कडेनं चर काढला, युरियाची गोणी उघडलीच नाही.

यंत्राला पाणी तुंबल्याचं काही कळत नव्हतं. लोहाची, गंधकाची, झिंकची कमतरताही त्याला कळत नाही. त्याच्या लेखी सगळी पिवळाई सारखी. पण जे दुखणं शेताला आहे तेच पट्ट्यालाही आहे, म्हणून भागाकारात ते दोन्हीकडून कटून जातं आणि नत्राचा तेवढा प्रश्न उरतो. आपलं अज्ञान कुठं आहे हे ओळखून त्याला बाजूला सारणारी ही रचना आहे. शेताची तुलना लुधियानाच्या शेताशी नाही, पुस्तकातल्या हेक्टरी १२० किलोशी नाही, शेजाऱ्याच्या काळोखीशी तर नाहीच. त्याच मातीत, त्याच पाण्यावर, त्याच दिवशी पेरलेल्या आपल्याच सख्ख्या भावाशी. समीक्षेत मी हेच शिकलो होतो: कविता त्याच कवीच्या दुसऱ्या कवितेशेजारी ठेवून वाच, मग कळेल कमी कुठं पडली.

उणिवा सांगायलाच हव्यात, कारण न सांगता केलेलं कौतुक रसग्रहणात बसत नाही. पीक फार दाटलं की आकडा वर जाऊन अडकतो. मका छातीएवढा झाला की पट्टा आणि शेत सारखंच दाखवतात, फरक असला तरी. म्हणून वाचण्याची खिडकी लहान आहे. दंव असताना धरलं तर आकडा फसवतो. शिवाय उत्पन्नाच्या सूत्रातले गुणांक जिथं काढले तिथलेच असतात. लुधियानात बिजय सिंग आणि सहकाऱ्यांनी उत्तरेच्या गव्हासाठी ते स्वतंत्र बसवले. मराठवाड्याच्या खोल काळ्या जमिनीत, आमच्या जातींवर, रब्बी ज्वारीवर तर विशेष, ते काम इथल्या मातीतच व्हायला हवं. माझी मांडणी काडीनं केलेली होती, तिचा तेवढाच मान राखावा.

यंत्र विकत घेणं आमच्यासारख्यांना परवडणारं नाही, आणि उपग्रहाचा आकडा फुकट मिळतो, असं कुणी म्हणेल. मिळतो खरा. युरोपच्या सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. सातशे शहाऐंशी किलोमीटरवरून फिरणारं यान आमची जमीन आमच्याच मापानं मोजतं, याचा मला फार आनंद झाला. पण साऱ्याएवढा अरुंद पट्टा त्या ठिपक्यात हरवतो. पट्टा एक-दोन ठिपक्यांएवढा रुंद ठेवला, तो त्यांच्या आखणीशी जुळला, आकाश स्वच्छ राहिलं, तर जमेल. तोवर गावात एखादं यंत्र आणि घराघरांत एक तक्ता एवढं पुष्कळ होईल. परभणीच्या विद्यापीठात यंत्रमानव आणि ड्रोनवर काम चालू आहे. तिकडून उद्या काय येईल ते येवो, पट्ट्याची कल्पना जुनी होणार नाही असं मला वाटतं.

यंत्र परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी एकदा शेवटचं रानात गेलो. आप्पा बांधावर बसले होते. महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवे लागले होते. सूर्य बुडून अर्धा तास झाला असेल; गव्हाचा हिरवा रंग गेला होता, पट्टा कुठला आणि बाकीचं रान कुठलं ते ओळखू येत नव्हतं, सगळीकडे एकच काळं. आप्पा म्हणाले, "आता काय दिसणार त्याला? आपल्यालाच दिसत नाही."

मी खुंटी चाचपून शोधली, पट्ट्यात उतरलो आणि घोडा दाबला. दिवसा कधी लक्षात न आलेला लाल उजेडाचा लहानसा डाग पात्यांवर पडला आणि माझ्या चालीबरोबर पुढं सरकू लागला. आप्पा उठून मागं आले. पट्टा संपला तेव्हा पडद्यावर ०.८१ होतं. खुंटी ओलांडून शेजारच्या साऱ्यात गेलो. तिथं आठवड्यापूर्वी एकरी चौदा किलोच्या हिशोबानं युरिया टाकून पाणी दिलं होतं. दहा-बारा पावलं चालून थांबलो आणि यंत्र आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, अंधारात आकडा वाचला, आणि मला न सांगता पुन्हा एकदा पट्ट्यात शिरले.